आमटीत काय कमी पडलं ते सांग

चि. पोरीस अनेक आशीर्वाद.

तुझा लांबलचक मेसेज सावकाश वाचला. ऑफिसातल्या मंडळींना गाडीत घालून पुण्याहून आणलंस, निपाणीला कुणाला वडासुद्धा खाऊ दिला नाहीस, 'भूक राखून ठेवा, आमच्या बेळगावची खानावळ दाखवते' म्हणालीस, आणि ताट पुढ्यात आल्यावर पहिला घास तुझ्याच घशात अडकला. पाहुणे बिचारे शहाणे. 'छान आहे' म्हणत जेवले. त्या 'छान'नेच तुला जास्त लागलं. आता मला विचारतेस, काका, इतकी चांगली जागा, तिची अशी माती कशी झाली?

माती झाली की नाही हे मला ठाऊक नाही, आणि खरं सांगायचं तर तुलाही नाही. तुझ्या मेसेजात 'पूर्वीसारखं राहिलं नाही', 'जेवणात जीव नव्हता', 'ती मजाच गेली' असली वाक्यं भरपूर आहेत. आमटीबद्दल एकच ओळ, तीही 'कशीतरीच होती' एवढीच. कशीतरी म्हणजे कशी? पातळ, उग्र, गुळमट, करपट, की नुसतीच गार? एवढं लिहिलं असतंस तर मी घरबसल्या सांगितलं असतं की त्या चुलीवर काय बदललंय.

ही बढाई नव्हे. रविवार पेठेत भुसार आणि मिरची-मसाल्याच्या धंद्यात माझा जन्म गेला. खानावळवाले, हॉटेलवाले, लग्नाचे आचारी हीच आमची गिऱ्हाइकं. खानावळीची चव उतरली ही बातमी जेवणाऱ्याच्या जिभेला कळायच्या आधी माझ्या वहीत यायची. आधी खसखस बंद होते. ती महाग, आणि कुणाच्या लक्षात येत नाही असं मालकाला वाटतं. मग सुकं खोबरं निम्म्यावर येतं आणि त्याच महिन्यात डाळं वाढतं. म्हणजे वाटणाला दाटपणा खोबऱ्याऐवजी डाळ्यावर काढायला लागले. मग शेंगतेलाचे डबे थांबतात, पामतेल सुरू होतं. सगळ्यांत शेवटी तयार मसाल्याच्या पुड्यांचे खोके मागवले जातात, आणि धणे-जिऱ्याची मागणी खाली येते. तोवर वर्ष-दीड वर्ष उलटलेलं असतं. गिऱ्हाईक म्हणतं, एकाएकी चव गेली. एकाएकी काही गेलेलं नसतं.

आता तुझ्या ताटाकडे येऊ. रस्सा लालभडक होता आणि तिखट 'नुसतं जाळत होतं' असं तू फोटोखाली लिहिलंयस. तुझ्या सगळ्या मेसेजात कामाची गोष्ट तेवढीच. आपल्याकडची जुनी खानावळ संकेश्वरी जवारी मिरचीवर चालायची. लांब, बारीक मिरची, तिखट खरंच, पण त्या तिखटाला वास असतो. उन्हात वाळवून डंकावर कुटली की गल्लीभर कळायचं. रंगाला जोडीला ब्याडगी. ती सुरकुतलेली, गडद, तिखट कमी. या दोघींचं प्रमाण हे प्रत्येक मालकाचं गुपित असायचं. जवारीचा उतारा कमी, रोग जास्त, त्यामुळे शेतकरी ऊस-सोयाबीनकडे वळला तर त्याला बोल लावता येत नाही. ब्याडगीचं तर विचारूच नकोस. भाव एकदा आभाळाला टेकतात, एकदा असे आपटतात की मार्च 2024 मध्ये ब्याडगीच्या बाजार समितीत संतापलेल्या शेतकऱ्यांनी गाड्या पेटवल्या. अशा बाजारात ताटाचा भाव स्थिर ठेवायचा असला की मालक गुंटूरच्या स्वस्त तिखट मिरचीकडे जातो. ती जाळते चांगली. वास मात्र नावाला. तुझ्या जिभेने तेच पकडलंय, फक्त तू त्याला 'जीव नव्हता' म्हणालीस.

तेलाचंही तसंच. जेवून उठल्यावर गार पाणी प्यायलीस तेव्हा टाळूला मेणासारखा थर बसल्यासारखं झालं होतं का, आठव. झालं असेल तर ते पामतेल. बेळगावच्या थंडीत ते डब्यातसुद्धा गोठायला बघतं, तोंडात काय वेगळं करणार. शेंगतेलाचं तसं होत नाही. 2022 साली युक्रेनचं युद्ध पेटलं आणि सूर्यफुलाचं तेल भडकलं, कारण आपलं ते तेल बरंचसं तिकडूनच यायचं. त्याच वर्षी इंडोनेशियाने काही आठवडे पामतेलाची निर्यात रोखली. धंद्याच्या गॅसची 19 किलोची टाकी दोन हजारांच्या वर गेली. त्या उन्हाळ्यात आमच्या दुकानाच्या पायरीवर बसून रडकुंडीला आलेले मालक मी पाहिलेत. त्यातल्या काहींनी ताटाचा भाव वाढवला, बऱ्याच जणांनी तेल बदललं. भाव वाढवणाऱ्यांना लोकांनी शिव्या घातल्या, तेल बदलणाऱ्यांना कुणी काही बोललं नाही. यातलं शहाणं कोण, ते तूच ठरव.

आणि त्याच्याही आधी 2020. मार्चच्या अखेरीस सगळं बंद झालं, जूनपर्यंत बसून जेवायला परवानगी नव्हती, फक्त पार्सल. भाकऱ्या थापणाऱ्या बायका गावी गेल्या त्या सगळ्याच काही परत आल्या नाहीत. पार्सलने आणखी एक गोष्ट केली, ती कुणी बोलत नाही. पातळ आमटी पिशवीतून गळते. म्हणून आमटी दाट झाली. दाट झाली ती तशीच राहिली. तुझ्या वेळची ती भातावरून वाहत जाऊन ताटाच्या कडेला थांबणारी, गूळ-चिंचेची आमटी पार्सलच्या पिशवीत मावत नव्हती, म्हणून गेली.

भाताचंही सांगून टाकतो. येळ्ळूर, वडगाव, शहापूरच्या शिवारातला बासमती खानावळीत रोज मिळायचा असं नाही, पण सणावाराला, श्रावणात मालक हौसेने करायचे, आणि वासाने पुढची ओळ हलायची. याच शिवारातून जाणाऱ्या हलगा-मच्छे बायपासवरून शेतकरी इतकी वर्षं का भांडत राहिले, ते असा भात एकदा खाल्ला की कळतं. ती जमीन गेली की त्या तांदळाला दुसरी जमीन नाही.

बरं, हे झालं त्यांच्या बाजूचं. आता तुझ्या बाजूचं थोडं ऐक, राग मानू नकोस.

आरपीडी कॉलेजात होतीस तेव्हा तू त्या खानावळीत दुपारी कधी जायचीस? प्रॅक्टिकल संपवून, उन्हातान्हात सायकल हाणत, सकाळचा नाष्टा बुडवून. महिन्याच्या कुपनांवर जेवायचीस. कुपन वाया जाऊ नये म्हणून ताटातलं सगळं संपवायचीस. आज गाडीतून एसीत बसून आलीस, पाहुण्यांना आवडेल की नाही या धास्तीत होतीस, आणि डोळे तुझ्या ताटापेक्षा त्यांच्या चेहऱ्यावर जास्त होते. अशा वेळी पंचपक्वान्नंसुद्धा लागत नाहीत. भुकेची चव तुझीच होती, मालकाने ती कधी विकली नव्हती.

जीभही बदलते, पोरी. मला डॉक्टरांनी साखर बंद केली. त्यानंतर कधीतरी सणाला चमचाभर कुंदा तोंडात टाकला की दात शिवशिवतात, इतका गोड लागतो. हलवायाचा हात तोच आहे. दुधात दही घालून ते फाटवून आटवायचं, रवाळ झालं की साखरेचा करपवलेला तपकिरी पाक. मी लहान असल्यापासून तसंच चालू आहे. बदललो मी. आणि साठीनंतर नाकही मंदावतं. चव म्हणून आपण जे म्हणतो त्यातला मोठा वाटा वासाचा असतो. तुझं वय अजून नाकाला दोष द्यायचं नाही, पण पुण्यात रोज जे खातेस, ऑफिसच्या कॅन्टीनचं पनीर, रात्री मागवलेली बिर्याणी, त्याने जिभेला मीठ-मसाल्याची सवय लागते. मग साधी आमटी सपक वाटते. सपक आणि बिघडलेली, यात फरक आहे. तो तुला करता यायला हवा, इतकी वर्षं आमच्याकडची मिरची खाल्लीयेस.

आणखी एक. पाटीबद्दल तू दोन ओळी लिहिल्यास. मराठी पाटी गेली, मोठ्या अक्षरांत कन्नड आली, आत शिरायच्या आधीच मन खट्टू झालं. मन खट्टू होणं मी समजतो, आपल्या घरांत कुणाला ते समजत नाही? पण 2024 पासून फलकावर साठ टक्के कन्नड हा राज्यभरचा कायदा आहे. पाटी मालकाने हौसेने बदललेली नाही, आणि पाटीमागची चूल तीच आहे. सीमाप्रश्न 1956 पासून लटकलाय, त्याचा हिशेब त्या माणसाच्या आमटीत काढू नकोस. पाटी वाचून तोंड कडू झालेल्या माणसाला गूळसुद्धा कडूच लागतो.

मग करायचं काय? एकटी जा. पाहुणे नकोत, मोबाईलचा कॅमेरा नको. आडवारी, साडेबाराच्या सुमारास, गर्दी लोटायच्या आधी. रविवारी दुपारी अडीचला कुठलीच खानावळ आपल्या खऱ्या रूपात नसते. भरलं वांगं, पनीर, स्पेशल ताट असलं काही मागवू नकोस. भरल्या वांग्यात मसाला इतका असतो की वाईट हातसुद्धा लपून जातो. साधी भाकरी, आमटी, भात, ताक आणि शेंगाची चटणी एवढंच घे.

भाकरीपासून सुरू कर. मोडून बघ. कडा चिरलेल्या, मधे तडे, घास तोंडात भुसभुशीत झाला तर पिठाची विरी, त्याचा चिकटपणा, गेलेली आहे, म्हणजे दळण जुनं. विजापूरकडच्या शाळूचं ताजं पीठ असेल तर भाकरी थापणाऱ्या बाईचा हात नवा असला तरी ती फार बिघडत नाही. पीठ ताजं आणि भाकरी तरी जाड, कच्ची, तर मग हात नवा. हे दोन वेगळे दोष आहेत, आणि पहिला दुरुस्त करायला मालकाला दळण थोडं थोडं आणायची शिस्त पुरते. दुसऱ्याला बाई लागते, आणि भाकरी थापणारी बाई आज सोन्याच्या भावाने मिळत नाही. चटणी बोटाने चाख. शेंगदाणे खवट असतील तर कळेल लगेच, जिभेच्या मागच्या बाजूला. ताक पातळ असेल तर त्याचं काही नाही, ते तुझ्या वेळीही पातळच होतं. आमटी शेवटी, आणि नुसती, वाटीतून. भातात कालवलीस की भात तिला सांभाळून घेतो.

मग उठ, हात धू, आणि गल्ल्यावर जा. तिथे आता मुलगा बसतो, वडील गेले. तो विचारेल, 'जेवण बरं होतं का?' इथे तू, मी, आपण सगळे एकच उत्तर देतो. 'छान होतं.' आणि बाहेर पडून गल्लीच्या टोकाला पोचायच्या आत त्याच्या बापजाद्यांचा उद्धार करतो. ही आपली रीत मला अजिबात पटत नाही. त्या मुलाला 'पूर्वीसारखं राहिलं नाही' असंही सांगू नकोस. त्या वाक्याचं त्याने काय करायचं? बापाला परत आणायचं? त्याला एवढंच सांग, 'आमटीत खोबरं कमी लागलं, आणि चटणीचे शेंगदाणे खवट आहेत.' हळू सांग, मागे उभं असलेल्या गिऱ्हाइकाला ऐकू जाणार नाही असं. पैसे देऊन झाल्यावर सांग, म्हणजे तू सवलत मागत नाहीस हे त्याला कळेल. आधी एक खरी चांगली गोष्ट सापडली तर ती सांग, नाही सापडली तर उगाच कौतुक करू नकोस, असलं कौतुक लगेच ओळखू येतं.

तो काय म्हणतो ते लक्ष देऊन ऐक. 'बघतो की मॅडम' म्हणून पुढच्याचे पैसे घ्यायला लागला तर समजायचं, त्याला माहीत आहे आणि त्याला पर्वा नाही. 'शेंगा कुठून आणल्या रे कालच्या?' असं आत ओरडून विचारलं तर ती खानावळ अजून जिवंत आहे. रागावला, तरीही वाईट नाही. राग येतो म्हणजे अजून लाज शाबूत आहे. मी ज्या मालकांना वर्षानुवर्षं माल दिला त्यातले चांगले सगळे रागीटच होते. एक जण तर आमटीला नाव ठेवलं की गिऱ्हाइकाला स्वयंपाकघरात नेऊन पातेलं दाखवायचा. पुढे झेपेनासं झालं तेव्हा त्याने संध्याकाळचं जेवण बंद केलं, भाज्या चारावरून दोनावर आणल्या, बोर्डावरचं चायनीज पुसून टाकलं. लोक म्हणाले, खानावळ बुडाली. दुपारच्या त्या दोन भाज्यांची चव मात्र त्याने उतरू दिली नाही, आणि आमच्याकडची खसखस त्याने कधी बंद केली नाही.

उलट अशीही जागा होती, नाव घेत नाही, जिथल्या मालकाने माझ्याकडे रंग घातलेली मिरचीपूड मागितली होती. स्वस्त पडते, रस्सा फोटोत उठून दिसतो म्हणून. मी दिली नाही, त्याने दुसरीकडून आणली. तिथे मी पुन्हा पाय ठेवला नाही आणि त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही. तुझ्या खानावळीत असलं काही आढळलं, तळणाचं काळं तेल परत परत वापरलेलं, शिळी आमटी नव्यात मिसळलेली, तर तूही सोड. चार वर्षं तिथे जेवलीस म्हणून जन्मभर बांधील नाहीस. कुपनांचे पैसे तू तेव्हाच चुकते केलेस.

पाहुण्यांचं मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या आठवणीतली जागा दाखवायला माणसं नेऊ नयेत, निदान पहिल्या फेरीला तरी नाही. त्यांना त्या बाकावरची तू दिसत नाही, त्यांना फक्त स्टीलचं ताट दिसतं. पुढच्या वेळी त्यांना आणलंस तर आधी मांडे खाऊ घाल. उपड्या भांड्यावर भाजलेली ती कागदासारखी घडी मोडताना पिठीसाखर अंगावर सांडते, आणि त्याची कुणाशी तुलना करायला त्यांच्याकडे काही नसतं. जाताना गोकाकचा करदंट, ती डिंक-सुकामेव्याची मिठाई, दे बांधून. खानावळीचा विषय त्यांच्या डोक्यातून जाईल. तुझ्या डोक्यातून जाणार नाही, तो जाऊही नये.

गेलीस की काय सापडलं ते मला नेमकं लिही. आमटी पातळ की दाट, तिखट जिभेच्या टोकाला की घशात, भाकरीच्या कडा कशा होत्या. आणि खोबऱ्याचं तू बोललीस आणि त्याने भावाचं गाऱ्हाणं घातलं, तर ते खोटं समजू नकोस, 2025 साली खोबरं खरंच कधी नव्हे इतकं भडकलं. फक्त माझं नाव तेवढं सांगू नकोस त्याला. दुकान आता आमचा थोरला बघतो, तो मऊ आहे, आणि ती खानावळ दुसऱ्याच दिवशी उधारीवर खोबरं मागायला येईल.

तुझा काका